धूलिकणांचे रसायन मोजणारे जाळे: उभारणी आणि दैनंदिन कारभार

शहरातील फलकावर झळकणारा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतील २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा ही एक बेरीज असते. सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, सेंद्रिय कार्बन, काजळी, माती, समुद्री मीठ आणि अत्यल्प प्रमाणातील धातू हे सारे त्या एका आकड्यात मिसळलेले असतात. त्यामुळे हवा किती वाईट आहे हे त्यावरून समजते, पण ती कोणामुळे वाईट आहे हे समजत नाही. ते समजण्यासाठी कण फिल्टरवर गोळा करून प्रयोगशाळेत त्यांची घटकवार तपासणी करावी लागते, आणि ती एका जागी एक हंगाम करून भागत नाही. अनेक ठिकाणी, वर्षानुवर्षे, एकाच पद्धतीने ती होत राहावी लागते. विद्यापीठांचे पर्यावरण विभाग, संशोधन संस्था आणि प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या प्रयोगशाळा यांपैकी ज्यांना असे पाच-सहा केंद्रांचे जाळे चालवायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

पुढील बहुतेक सूचना एकाच निकषातून निघालेल्या आहेत. चंद्रपूरच्या डिसेंबरमधील सल्फेट आणि मुंबईच्या डिसेंबरमधील सल्फेट एकाच मापाने मोजलेले असले पाहिजेत, आणि पाच वर्षांनी मोजलेले सल्फेटही त्याच मापाने मोजलेले असले पाहिजे. हे साधत असेल तर उपकरणे जुनी असली तरी चालते. हे साधत नसेल तर कितीही महाग उपकरणे आणली तरी हाती सुटे सुटे आकडेच राहतात.

अनुकरणासाठी चांगले नमुने उपलब्ध आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने आणि संरक्षित अरण्ये यांतील दृश्यमानतेसाठी उभारलेल्या ‘इम्प्रूव्ह’ या जाळ्याचे नमुने १९८८ पासून सलग घेतले जात आहेत, आणि तेथील शहरांसाठीचे ‘केमिकल स्पेसिएशन नेटवर्क’ २००० च्या सुमारास सुरू झाले. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखालील ‘कोअलेस’ प्रकल्पाने देशभरातील ११ ठिकाणी पीएम २.५ चे नमुने घेऊन त्यांचे रासायनिक विश्लेषण केले आणि त्यांत महाबळेश्वरचा समावेश होता. या जाळ्यांच्या कार्यपद्धती वाचाव्यात, मात्र त्या जशाच्या तशा उचलू नयेत. तसे का करू नये, याची काही कारणे पुढे येतीलच.

आधी प्रश्न, मग केंद्रे

केंद्राची जागा ठरवण्यापूर्वी त्या केंद्राकडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरातील सल्फेटमध्ये किती वाटा स्थानिक आहे, हा एक प्रश्न झाला. मुंबईच्या हवेत समुद्री मीठ, वाहने आणि कचऱ्याचा धूर यांचे प्रमाण ऋतूनुसार कसे बदलते, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांना एक पार्श्वभूमी केंद्र लागते. शहरे आणि कारखाने यांपासून दूर असलेले हे केंद्र वाऱ्याबरोबर बाहेरून येणारा भाग दाखवते आणि त्याच्याशी तुलना केल्याखेरीज शहराचा स्वतःचा वाटा वेगळा काढता येत नाही. पैसे कमी पडले की सर्वप्रथम याच केंद्रावर कुऱ्हाड पडते, कारण तिथे ‘प्रदूषण नाही’ असे सर्वांना वाटत असते. माझ्या मते शहरातील एखादे केंद्र कमी करावे, पण पार्श्वभूमी केंद्र सोडू नये.

प्रत्यक्ष जागा निवडताना सॅम्पलरचे, म्हणजे हवा ओढून तिच्यातील कण फिल्टरवर गोळा करणाऱ्या यंत्राचे, हवा घेणारे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावे. जवळचा अडथळा तोंडापेक्षा जितका उंच असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो असावा. गच्ची सोयीची असते, पण त्याच गच्चीवर जनरेटरचे धुराडे, उपाहारगृहाची चिमणी किंवा प्रयोगशाळेच्या फ्यूम हूडचा निकास नाही ना, हे स्वतः वर चढून पाहावे. लाकडावर चालणारी बेकरी, स्मशानभूमी, रोज सायंकाळी पेटवला जाणारा पालापाचोळ्याचा ढीग या गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. वीज कायम राहील का, सुटीच्या दिवशी इमारतीची किल्ली कोणाकडे असते आणि रात्री रखवालदार गच्चीचे दार लावून जातो का, या प्रश्नांची उत्तरे वाऱ्याच्या दिशेइतकीच निर्णायक ठरतात.

वेळापत्रक

राष्ट्रीय वातावरणीय हवा गुणवत्ता मानके नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झाली. त्यांनुसार वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, समान अंतराने, २४ तासांची किमान १०४ मापने अपेक्षित आहेत. रासायनिक जाळ्यासाठी दर तिसऱ्या दिवशी एक नमुना हे वेळापत्रक अधिक चांगले आहे. वर्षाला १२१ किंवा १२२ नमुने मिळतात, त्यांतील काही वाया गेले तरी १०४ च्या खाली जाण्याची भीती कमी राहते, आणि तीन ही संख्या सातला भागत नसल्यामुळे आठवड्यातील प्रत्येक वाराला आळीपाळीने समान संधी मिळते. सोमवार आणि गुरुवार असे ठरावीक वार धरले तर रविवारची हवा कधीच मोजली जात नाही. सर्व केंद्रांवर नमुना एकाच तारखेला, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत घ्यावा आणि वर्षाचे वेळापत्रक जानेवारीपूर्वीच छापून प्रत्येक केंद्रावर लावावे.

दिवाळीत किंवा होळीला वेळापत्रकात नसलेला नमुना घेण्याचा मोह होतो. जरूर घ्यावा, पण त्याला ‘विशेष’ अशी खूण करून वार्षिक सरासरीतून तो वगळावा, नाहीतर फटाक्यांतील पोटॅशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम वर्षभराच्या सरासरीत जाऊन बसतात.

सहा केंद्रे, प्रत्येकी तीन फिल्टर आणि १२२ दिवस असा हिशेब मांडला तर वर्षाला सुमारे २,२०० फिल्टर लागतात. त्यात कोऱ्या फिल्टरांची दहा टक्के भर घातली की संख्या २,४०० च्या पुढे जाते. हा आकडा प्रस्ताव लिहितानाच विश्लेषणाच्या दराने गुणून पाहावा. सॅम्पलर ही एकदाची खरेदी असते, विश्लेषणाचा खर्च मात्र दरवर्षी येतो, आणि जाळी बंद पडतात ती बहुधा याच खर्चापायी.

तीन फिल्टर आणि हवेचा वेग

एकाच फिल्टरवर सर्व तपासण्या होऊ शकत नाहीत, म्हणून सॅम्पलरमध्ये समांतर वाहिन्या असतात. टेफ्लॉनचा फिल्टर वजनासाठी आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत एक्सआरएफने, मूलद्रव्ये मोजण्यासाठी वापरतात. त्यावर कार्बन मोजता येत नाही, कारण टेफ्लॉन स्वतःच कार्बनी आहे. कार्बनसाठी क्वार्ट्झचा फिल्टर लागतो. आयनांसाठी नायलॉनचा फिल्टर वापरतात आणि त्याच्या आधी नायट्रिक आम्लाची वाफ शोषून घेणारा डिन्यूडर बसवतात. या तिसऱ्या वाहिनीची गरज आपल्या हवामानात अधिक आहे. अमोनियम नायट्रेट उष्णतेने विघटित होऊन वायुरूपात निघून जाते. टेफ्लॉनवरून निसटलेले नायट्रेट कायमचे हरवते, तर नायलॉन ते धरून ठेवते. ज्या जाळ्यांत खर्च वाचवण्यासाठी टेफ्लॉनचाच फिल्टर आयनांसाठी वापरला जातो, त्यांचे उन्हाळ्यातील नायट्रेटचे आकडे खऱ्यापेक्षा कमी असतात, हे वाचताना लक्षात ठेवावे.

अमेरिकी पद्धत जशीच्या तशी उचलू नये, असे वर म्हटले त्याचे पहिले कारण इथे येते. इम्प्रूव्हचे सॅम्पलर मिनिटाला २२.८ लिटर हवा ओढतात, कारण ते अत्यंत स्वच्छ हवेसाठी बनवलेले आहेत आणि तिथे पुरेसे कण जमा होण्यासाठी भरपूर हवा ओढावीच लागते. या वेगाने २४ तासांत सुमारे ३३ घनमीटर हवा फिल्टरमधून जाते. उत्तर भारतातील हिवाळ्यात पीएम २.५ घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम असेल तर फिल्टरवर साडेसहा मिलिग्रॅमच्या वर कण बसतील, फिल्टर तुंबेल आणि पंपाचा वेग ढासळेल. मिनिटाला ६.७ लिटर वेगाने ओढणाऱ्या वाहिनीवर त्याच दिवशी दोन मिलिग्रॅमपेक्षा थोडे कमी कण जमतात. कार्बनच्या फिल्टरवर याचा आणखी एक परिणाम होतो. काजळीचा थर फार जाड झाला की विश्लेषणाच्या वेळी लेसरचा प्रकाश त्यातून जवळजवळ पार होत नाही, आणि सेंद्रिय कार्बन व मूलकार्बन (म्हणजे काजळीचा कार्बन) यांची विभागणी प्रकाशावरूनच ठरत असल्यामुळे ती डळमळते. उलट कोकणातील जुलैमध्ये इतका कमी वेग ठेवला तर धातूंचे प्रमाण शोधमर्यादेखाली, म्हणजे मापनात खात्रीने ओळखता येईल अशा किमान प्रमाणाच्या खाली, जाते. सर्वत्र एकच वेग ठेवायचा असेल तर मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे दिवसाला २४ घनमीटर, ही तडजोड महाराष्ट्रासाठी बरी आहे. अतिप्रदूषित केंद्रावर कार्बनची वाहिनी तेवढी कमी वेगाची ठेवावी.

प्रवाह दर महिन्याला स्वतंत्र, अंशशोधित प्रवाहमापकाने तपासावा. सॅम्पलर आणि मापक या दोन्हींच्या वाचनांत चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला, किंवा प्रत्यक्ष प्रवाह ठरलेल्या प्रवाहापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक ढळला, तर सॅम्पलर दुरुस्त होईपर्यंत त्याचे नमुने संशयित धरावेत. प्रवाह चुकला की फक्त हवेचे घनफळ चुकते असे नाही, कणांच्या आकाराची मर्यादाही सरकते. सायक्लोन, म्हणजे हवा गरागरा फिरवून मोठे कण आधीच बाजूला काढणारा सॅम्पलरचा भाग, २.५ मायक्रॉनपेक्षा मोठे कण वगळतो तो विशिष्ट वेगालाच. वेग मंदावला की त्याहून मोठे कण आत येऊ लागतात आणि मातीचा वाटा फुगतो. सायक्लोनची धूळ काढण्याचा जो कालावधी उत्पादकाने दिलेला असतो, तो बांधकामाच्या धुळीने भरलेल्या आपल्या शहरांत निम्मा करावा. गळतीची चाचणी प्रवाहाच्या तपासणीबरोबरच करावी.

प्रवाह प्रत्यक्ष तापमानाला आणि दाबाला धरून ठेवला जातो, परंतु काही प्रयोगशाळा सांद्रता प्रमाण तापमान-दाबाला रूपांतरित करून देतात. मुंबईत हा फरक किरकोळ असतो. महाबळेश्वरच्या उंचीवर तो दहा टक्क्यांच्या पुढे जातो. कोणती पद्धत वापरली आहे, ते आकड्यांच्या प्रत्येक फाइलमध्ये लिहिलेले असावे.

फिल्टरचा प्रवास

फिल्टर प्रयोगशाळेतून निघतो, केंद्रावर जातो, चोवीस तास हवा पितो आणि परत येतो. या प्रवासात त्याला जे काही घडते ते सारे निकालात उतरते. आर्सेनिकसाठी आपल्या मानकातील वार्षिक मर्यादा घनमीटरला ६ नॅनोग्रॅम आहे. २४ घनमीटर हवेतून एवढ्या प्रमाणात जमणारे आर्सेनिक फिल्टरवर १४४ नॅनोग्रॅम, म्हणजे एका मायक्रोग्रॅमच्या सातव्या हिश्शाएवढे असते. बोटाचा घाम, टाल्कम पावडर लावलेले हातमोजे, गंजलेला चिमटा यांतून फिल्टरवर पोहोचणारा सोडियम, सिलिकॉन किंवा लोह यापेक्षा सहज जास्त भरतो. फिल्टर फक्त कडेच्या कड्याला, टेफ्लॉन लावलेल्या चिमट्याने धरावा आणि हातमोजे पावडरविरहित असावेत. शक्यतो फिल्टर प्रयोगशाळेतच कॅसेटमध्ये बसवून पाठवावा, म्हणजे केंद्रावरील माणसाला तो उघडावाच लागत नाही.

क्वार्ट्झचे फिल्टर वापरण्यापूर्वी भट्टीत ५५० ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान काही तास भाजून त्यांतील मूळ कार्बन काढून टाकतात. भाजलेला फिल्टर हवेतील सेंद्रिय वाफा अधाशासारखा शोषून घेतो. म्हणून तो अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, थंड जागी आणि सॉल्व्हंटच्या कपाटापासून दूर ठेवावा. ताजा रंग दिलेल्या खोलीत तो चुकूनही ठेवू नये.

नमुना पूर्ण झाल्यावर फिल्टर सॅम्पलरमध्ये पडून राहू देऊ नये. विदर्भात मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असते, सॅम्पलरच्या पेटीत ते त्याहून जास्त असते आणि नायट्रेट व अर्धबाष्पशील सेंद्रिय पदार्थ दुपारभरात उडून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळीच फिल्टर काढून, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पेटीत, ४ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवून पाठवावा. पेटीत कमाल तापमान नोंदवणारा छोटा तापमापक ठेवावा आणि पेटी उघडताक्षणी त्याचे वाचन टिपावे. पार्सल शुक्रवारी सायंकाळी रवाना करू नये, कारण रविवारभर ते कुठल्या तरी गोदामात तापत पडते.

प्रत्येक फिल्टरला एक क्रमांक आणि बारकोड असावा आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती, किती वाजता गेला, त्याची साखळी कागदावर आणि संगणकावर दोन्हीकडे असावी. कागद कशाला, असे तरुण सहकारी विचारतात. गच्चीवर पाऊस पडत असतो, मोबाइलला रेंज नसते, आणि पेन्सिलीने लिहिलेली नोंद ओली झाली तरी वाचता येते.

केंद्रचालकाची नोंदवही

या जाळ्यातील सर्वांत कमी मोबदल्याचा आणि सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे केंद्रचालक. त्याच्या नोंदवहीत सुरुवातीचा व शेवटचा प्रवाह, एकूण वेळ, तापमान, दाब हे तर असावेच, पण शेरा लिहिण्यासाठी भरपूर मोकळी जागाही असावी. ‘समोरच्या रस्त्यावर डांबर टाकणे चालू’, ‘रात्री दोन तास वीज नाही’, ‘मागच्या मैदानात कचरा पेटला’ अशा एकेका ओळीने सहा महिन्यांनंतर एखाद्या विचित्र आकड्याचा उलगडा होतो. चालकाला प्रशिक्षण देताना फक्त काय करायचे ते न सांगता का करायचे तेही सांगावे, आणि त्याने पाठवलेल्या नमुन्यांचे निकाल त्याला दाखवावेत. ज्याला आपल्या केंद्राचा आलेख पाहायला मिळतो, तो दिवाळीच्या सुटीतही गच्चीवर जातो.

वीज जाण्याबाबतचा नियम आधीच ठरवावा. अमेरिकेतील नियामक मापनात २३ ते २५ तासांचा नमुनाच ग्राह्य धरतात, तर इम्प्रूव्हमध्ये १८ तास चाललेला नमुनाही स्वीकारला जातो. भारनियमन होणाऱ्या गावांत पहिला नियम लावला तर निम्मे वर्ष रिकामे राहील. मी १८ तासांची मर्यादा धरेन, मात्र अशा नमुन्यावर खूण असावी आणि कोणते तास गेले ते नोंदलेले असावे, कारण रात्रीचे सहा तास गेले तर शेकोट्यांचा धूर हरवतो आणि दुपारचे सहा तास गेले तर तो उगाच मोठा दिसतो.

कोरे फिल्टर

कोऱ्या फिल्टरांवर होणारा खर्च वायफळ वाटतो, कारण त्यांतून हवेबद्दल काहीच कळत नाही. पण त्यांतून आपल्याबद्दल कळते. फील्ड ब्लँक म्हणजे सगळा प्रवास केलेला, सॅम्पलरमध्ये बसवलेला आणि तरीही ज्यातून हवा ओढलेली नाही असा फिल्टर. प्रत्येक केंद्रावरून, प्रत्येक प्रकारचा, दर दहा नमुन्यांमागे एक ब्लँक असावा. तो चालकाच्या सोयीने न घेता वेळापत्रकाने ठरलेल्या दिवशीच घ्यावा. आयन आणि कार्बन यांच्या निकालांतून महिन्याच्या ब्लँकांचा मध्यक वजा करावा. सरासरी घेऊ नये, कारण एखादाच दूषित ब्लँक सरासरीला ओढून नेतो. शोधमर्यादाही उपकरणाच्या माहितीपत्रकातून न घेता या ब्लँकांच्या विखुरणीवरूनच काढावी. माहितीपत्रकातील मर्यादा उपकरणाची असते आणि आपल्याला हवी असते ती संपूर्ण साखळीची.

क्वार्ट्झच्या फिल्टरवर सेंद्रिय वाफा चिकटतात, ही अडचण ब्लँकनेही पुरती सुटत नाही, कारण ब्लँकमधून हवा गेलेलीच नसते. म्हणून निदान एका केंद्रावर क्वार्ट्झच्या मागे दुसरा क्वार्ट्झ फिल्टर लावून वाफांचा वाटा अजमावावा. याशिवाय एका केंद्रावर दोन सारखेच सॅम्पलर शेजारी शेजारी चालवावेत. त्यांच्या निकालांतील फरकावरून आपले मापन पुन्हा पुन्हा किती सारखे येते ते कळते, आणि ते प्रत्येक घटकासाठी वेगळे निघते. सल्फेट दोन्हीकडे जवळपास सारखे येते. काही धातूंच्या बाबतीत मात्र निराशा पत्करावी लागते.

प्रयोगशाळेत

वजनाची खोली २० ते २३ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ३० ते ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्थिर हवी, आणि फिल्टर तिथे किमान २४ तास ठेवल्यावरच तोलावा. मुंबईच्या पावसाळ्यात नुसत्या वातानुकूलनाने ही आर्द्रता गाठता येत नाही; स्वतंत्र आर्द्रताशोषक यंत्रणा किंवा बंदिस्त वजन-पेटी लागतेच. तराजू एका मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा असावा. टेफ्लॉनवर साचणारा स्थिर विद्युतभार तोलण्यापूर्वी काढून टाकावा, नाहीतर काटा स्थिरावत नाही.

वजन झाल्यावर टेफ्लॉन एक्सआरएफकडे जातो. ही तपासणी फिल्टर नष्ट करत नाही, हा तिचा मोठा गुण. पण निर्वातात ठेवल्यावर क्लोरीनचा काही भाग उडून जाऊ शकतो. उत्तर भारतात हिवाळ्यात अमोनियम क्लोराइडचे प्रमाण लक्षणीय असते, त्यामुळे क्लोराइडसाठी आयन क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे फिल्टरवरील आयन पाण्यात उतरवून वेगवेगळे मोजणाऱ्या तपासणीच्या, निकालावर विसंबावे.

कार्बनच्या मापनात मतभेद फार आहेत. फिल्टरचा तुकडा आधी हेलियममध्ये आणि मग थोडा ऑक्सिजन मिसळलेल्या हेलियममध्ये टप्प्याटप्प्याने तापवतात. इम्प्रूव्हच्या पद्धतीत हेलियममधील टप्पे १४०, २८०, ४८० आणि ५८० अंशांचे आहेत, तर युरोपीय पद्धतीत तापमान हेलियममध्येच ६५० अंशांपर्यंत नेतात. एकूण कार्बन सर्व पद्धतींत जुळतो, पण त्यांतील मूलकार्बन किती, याचे उत्तर पद्धतीनुसार बदलते. कोणती पद्धत निसर्गाच्या जास्त जवळ आहे, या वादात जाळे चालवणाऱ्याने फार वेळ घालवू नये. एक निवडावी, तिचे नाव प्रत्येक तक्त्यावर लिहावे आणि ती सोडू नये. उरलेल्या क्वार्ट्झच्या तुकड्यावर लेव्होग्लुकोसान, म्हणजे लाकूड-पाचटातील सेल्युलोज जळताना तयार होणारे संयुग, मोजता आले तर लाकूड व पाचट जाळल्याच्या धुराचा नेमका माग लागतो.

आकड्यांची झडती

निकाल आले की त्यांना एकमेकांसमोर उभे करावे. एक्सआरएफने दिलेले गंधक तिपटीने वाढवले की ते क्रोमॅटोग्राफीच्या सल्फेटच्या आसपास यायला हवे, कारण सल्फेटचे वस्तुमान गंधकाच्या तिप्पट असते. हे दोन आकडे वेगवेगळ्या फिल्टरांवरून, वेगवेगळ्या वाहिन्यांतून आणि वेगवेगळ्या उपकरणांतून येतात. त्यामुळे ते जुळले तर प्रवाह, फिल्टरची ओळख आणि दोन्ही उपकरणे एकाच वेळी तपासली जातात. ते जुळले नाहीत तर सर्वांत आधी फिल्टरांची अदलाबदल झाली का ते पाहावे. पाण्यात विरघळणारे पोटॅशियम एकूण पोटॅशियमपेक्षा जास्त असू शकत नाही. धन आणि ऋण आयनांचा समतोल पाहताना सल्फेटला ४८ ने, नायट्रेटला ६२ ने, अमोनियमला १८ ने भागून तुल्यांक काढावेत. अमोनियम सतत कमी पडत असेल तर कण आम्लयुक्त आहेत असे लगेच जाहीर करू नये. आधी साठवणुकीत अमोनिया उडाला का, ते तपासावे.

त्यानंतर घटकांची बेरीज करून ती वजनाशी ताडून पाहतात. अमोनियम सल्फेटसाठी गंधकाला ४.१२५ ने, अमोनियम नायट्रेटसाठी नायट्रेटला १.२९ ने आणि सेंद्रिय पदार्थासाठी सेंद्रिय कार्बनला १.४ ते १.८ दरम्यानच्या गुणकाने गुणतात. मातीसाठी अॅल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम, लोह आणि टायटॅनियम यांना अनुक्रमे २.२०, २.४९, १.६३, २.४२ आणि १.९४ ने गुणून बेरीज करतात. हे शेवटचे सूत्र जगभर बिनदिक्कत वापरले जाते, आणि अमेरिकी पद्धत डोळे मिटून न उचलण्याचे दुसरे कारण हेच आहे. या सूत्रात मातीतील पोटॅशियम लोहाच्या ०.६ पट असते असे गृहीत धरलेले आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. या खडकात आणि त्याच्यापासून बनलेल्या काळ्या मातीत लोह व टायटॅनियम भरपूर आणि पोटॅशियम फार थोडे असते. परिणामी पुण्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसराच्या नमुन्यांत सूत्राने काढलेली माती प्रमाणाबाहेर येते, आणि धुराचे पोटॅशियम मिळवण्यासाठी एकूण पोटॅशियममधून लोहाची ०.६ पट वजा केली तर ऋण उत्तरही येऊ शकते. मग कोणी तरी निष्कर्ष काढतो की इथे लाकडाचा धूर नाहीच. यावर उपाय अवघड नाही. केंद्राच्या परिसरातील माती आणि रस्त्यावरची धूळ गोळा करून, वाळवून, चाळून, बंद पेटीत उडवून तीच पीएम २.५ च्या सॅम्पलरने फिल्टरवर घ्यावी आणि तिचे स्थानिक गुणक काढावेत. कोकणातील जांभ्याच्या जमिनीसाठी ते वेगळे काढावेत.

शोधमर्यादेखालचे आकडे शून्य करू नयेत आणि ऋण आकडे खोडू नयेत. ब्लँक वजा केल्यावर काही निकाल ऋण येणे स्वाभाविक आहे. ते कापले की सरासरी वर सरकते. प्रत्येक आकड्याबरोबर त्याची अनिश्चितता आणि खूण द्यावी. पुढे स्रोतविभाजनासाठी, म्हणजे कोणत्या स्रोताचा किती वाटा ते काढण्यासाठी, पीएमएफसारखे (पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन) सांख्यिकी प्रतिमान चालवणाऱ्याला सांद्रतेइतकीच अनिश्चितताही लागते, आणि ती त्याने अंदाजाने भरण्यापेक्षा जाळ्यानेच दिलेली बरी. प्रतिमानातून निघणाऱ्या घटकांना नावे देताना भारतीय स्रोतांच्या रासायनिक नकाशांचा, म्हणजे त्या त्या स्रोताच्या धुरात-धुळीत कोणता घटक किती असतो याच्या तक्त्यांचा, आधार घ्यावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासासाठी पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या संस्थेने वाहनांचे आणि आयआयटी मुंबईने इतर स्रोतांचे असे नकाशे तयार केले होते. वाहनांचे इंधन आणि इंजिने त्यानंतर बदलली आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पद्धत बदलावी लागली तर

कधी ना कधी उपकरण मोडते, फिल्टरचा उत्पादक बदलतो किंवा प्रयोगशाळेचा करार संपतो. अमेरिकेच्या शहरी जाळ्याने २००७ ते २००९ दरम्यान कार्बनचे सॅम्पलर आणि विश्लेषणपद्धत बदलून ती इम्प्रूव्हशी जुळवून घेतली, आणि त्या जाळ्याच्या कार्बनच्या दीर्घकालीन आलेखाचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्या वर्षांपाशी थांबावे लागते. बदल टाळता येत नसेल तर जुनी आणि नवी पद्धत किमान वर्षभर, सर्व ऋतूंत, निदान दोन केंद्रांवर समांतर चालवावी आणि दोन्ही मालिका तशाच प्रसिद्ध कराव्यात. एकीला दुसरीच्या साच्यात बसवणारा गुणक वापरायचा असेल तर तो वापरणाऱ्याने वापरावा; मूळ आकड्यांत तो मिसळू नये. सर्व केंद्रांवरील बदल एकाच तारखेला, शक्यतो १ जानेवारीला करावा.

एक्सआरएफनंतर टेफ्लॉनचे फिल्टर शाबूत राहतात, ते टाकून देऊ नयेत. इम्प्रूव्हचे जुने फिल्टर अनेक वर्षांनी नव्या उपकरणावर पुन्हा तपासले गेले, आणि आलेखातील कोणते चढ-उतार हवेचे होते व कोणते उपकरणाचे, हे त्यातून वेगळे करता आले. आपले फिल्टरही बंद पेट्री डिशमध्ये, क्रमांकानुसार, कोरड्या आणि अंधाऱ्या कपाटात ठेवावेत, त्यांच्याबरोबर त्या त्या महिन्याचे ब्लँकही ठेवावेत आणि कपाटाची यादी आकड्यांच्या माहितीकोशाशी जोडावी, म्हणजे कोणत्याही नमुन्याच्या निकालावरून त्याचा फिल्टर कोणत्या खणात आहे ते सापडेल. क्वार्ट्झचे उरलेले तुकडे शीतपेटीत, उणे २० अंशांवर ठेवावे लागतात. त्या शीतपेटीला स्वतंत्र वीजजोडणी आणि तापमान वाढल्यास वाजणारी घंटा असावी, आणि घंटा वाजल्यावर रात्री कोणी यायचे त्याचे नाव दारावर लिहिलेले असावे.